पुढच्या चाकाखालचा ठोकळा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात जूनमध्ये पाऊस धरला की सिंहगड रस्त्यावरचा माझा पहाटेचा सायकलीचा सराव बंद पडतो, म्हणून गेल्या वर्षी मी घरात वापरण्यासाठी मागच्या टायरला रोलर टेकणारा साधा ट्रेनर, म्हणजे सायकल एका जागी उभी ठेवून चालवू देणारे उपकरण, घेतला. या प्रकारात चाक काढावे लागत नाही. ट्रेनर मागच्या ॲक्सलला, म्हणजे चाकाच्या आसाला, दोन्ही बाजूंनी पकडतो आणि चाक जमिनीवरून थोडे वर उचलतो. पुढचे चाक मात्र फरशीवरच राहते आणि सगळी सायकल पुढे उतरती होते. ट्रेनरच्या खोक्यात पुढचे चाक तेवढेच उचलणारा ठोकळा नव्हता आणि दुकानात त्याविषयी विचारले तेव्हा ‘एखादे जाड पुस्तक ठेवा’ एवढेच उत्तर मिळाले होते.

पहिले तीन आठवडे मी पुस्तकही ठेवले नाही. चौथ्या आठवड्यात डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागली. तळव्याच्या बाहेरच्या कडेने या दोन बोटांकडे जाणारी नस हँडलवर सतत दाबली गेली की असे होते, हे सायकलस्वारांना ठाऊक असते. तरीही मी आधी हातमोजे बदलले, मग हँडलची टेप बदलली आणि मग सीट अर्धा सेंटिमीटर मागे सरकवली. शेवटी मेजरिंग टेप घेऊन जमिनीवर बसलो. मागच्या ॲक्सलचा मध्य जमिनीपासून साडेअडतीस सेंटिमीटरवर होता आणि पुढच्याचा साडेतेहतीसवर. दोन्ही ॲक्सलमधले अंतर एका मीटरला जेमतेम एक सेंटिमीटर कमी, म्हणजे मी रोज तासभर पाच टक्क्यांच्या उतारावर बसून पेडल मारत होतो. सीटचे टोकही त्याच मापाने, जवळजवळ तीन अंशांनी, खाली गेले होते आणि शरीर पुढे घसरू नये म्हणून सगळा भार हातांवर येत होता.

मोजणीबद्दल एक सूचना करावीशी वाटते. गवंड्याची पाणसळ सायकलीच्या वरच्या नळीवर ठेवून पाहू नये, कारण आजकालच्या बहुतेक फ्रेममध्ये ती नळी मुळातच उतरती असते. दोन्ही ॲक्सलची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि हे माप घेताना सायकलीवर कोणीतरी बसलेले असावे, कारण वजनाने टायर दबतो.

ठोकळा येईपर्यंत मी घरातला जेवायचा पाट चाकाखाली ठेवला होता. साडेतीन सेंटिमीटर उंची मिळाल्याने हातांना बराच आराम पडला, पण सपाट लाकडावर चाक मोकळे राहते, त्यामुळे जोर लावला की हँडल डावी-उजवीकडे वळते आणि ते सरळ धरून ठेवण्यात खांदे अवघडतात. आधार म्हणजे नुसती उंची नव्हे, चाक धरून ठेवणारी खाचही हवी, हे मला पाटामुळे कळले.

जुलैच्या सुरुवातीला मी बाराशे रुपयांना प्लॅस्टिकचा, तीन वेगवेगळ्या उंचीच्या खाचा असलेला ठोकळा घेतला. खोक्यावर सहा सेंटिमीटर असे छापलेले होते. ती उंची सर्वांत उंच खाचेच्या काठाची निघाली. चाक काठावर नव्हे, खाचेत बसते. माझा पंचवीस मिलिमीटर रुंदीचा टायर पार तळाला टेकतो आणि चाक प्रत्यक्षात साडेचार सेंटिमीटरच उचलले जाते. मुलाच्या डोंगरी सायकलीचा जाड टायर त्याच खाचेत अर्ध्यावरच अडकतो, म्हणून त्याला उंची जास्त मिळते. तेव्हा विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. खाचेची रुंदी आणि खोली आपल्या टायरला जुळते का, ते आधी पाहावे. उरलेल्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी मी ठोकळ्याखाली प्लायवूडचा तुकडा घातला आहे, आणि बोटांचा बधिरपणा त्यानंतर दोन आठवड्यांत थांबला.

सप्टेंबरात हातांवर पुन्हा भार जाणवू लागला, तेव्हा दोष ठोकळ्याचा नव्हता. सायकल रस्त्यावर जात नसल्यामुळे पुढच्या टायरमध्ये हवा भरायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. माझा टायर इतका बसला होता की खाचेत पसरून रिम जवळजवळ प्लॅस्टिकपर्यंत आली होती. आता दर पंधरवड्याला पंप मारतो.

असे दोन ठोकळे एकावर एक रचून घाट चढल्यासारखा सराव करता येतो, असे अनेक जण सांगतात. हिशेब सोपा आहे : ॲक्सलमधले अंतर मीटरभर असल्यामुळे समपातळीच्या वर प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक टक्का चढ, आणि दहा टक्क्यांसाठी दहा सेंटिमीटर. मी हे आठवडाभर करून पाहिले. मांडीचे मागचे स्नायू आणि कंबर यांना चढावरच्या बैठकीची सवय होते, हे खरे. पण पुढचे चाक उचलल्याने पेडलवरचा रोध तिळमात्र वाढत नाही, तो ट्रेनरवरच वाढवावा लागतो. वीस मिनिटांच्या पुढे ही बैठक मला तरी सोसली नाही.

महागड्या पर्यायांपैकी वाहू कंपनीचे किकर क्लाइंब पुढचे चाक काढून थेट फोर्कला, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दुभागी नळीला, जोडले जाते आणि जुळणाऱ्या स्मार्ट ट्रेनरसोबत (हा ॲपशी जोडला जातो आणि रोध आपोआप बदलतो) वीस टक्के चढापासून दहा टक्के उतारापर्यंत सायकलीचे तोंड वर-खाली करते. एलिट कंपनीचा ‘स्टर्झो स्मार्ट’ हा पुढच्या चाकाखालचा आधार हँडल वळवू देतो आणि ते वळण झ्विफ्टसारख्या घरातल्या सायकलिंगच्या ॲपला कळवतो. माझ्या साध्या ट्रेनरला यांतल्या कशाचाच उपयोग नाही. पुढच्या चाकाखाली ठेवायची, हँडलबरोबर वळणारी साधी तबकडी मात्र मी एका मित्राकडून पंधरा दिवस आणली होती. बसून तासभर चालवताना तिच्यामुळे खांदे मोकळे राहतात, पण उभे राहून जोर काढताना ती मला अस्थिर वाटली. त्याच मित्राने नंतर मागचे चाक काढून ट्रेनरवरच्याच कॅसेटवर, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचावर, थेट साखळी चढवायचा ट्रेनर घेतला. अशा अनेक ट्रेनरमध्ये ॲक्सलची उंची मूळ चाकाइतकीच राखलेली असते, तिथे ठोकळा लावला तर सायकल उलट मागे कलते. त्याने सवयीने लावला होता. मोजल्यावर काढून टाकला.

माझ्या ठोकळ्याविषयी दोन तक्रारी आहेत. घामाचे थेंब खाचेत साचतात, त्यात टायरची काळी भुकटी मिसळते आणि गुळगुळीत फरशीवर उतरलेला तो डाग धुऊनही पुरता जात नाही. ठोकळ्याखाली चटई पहिल्या दिवसापासून हवी होती. दुसरी तक्रार तळाच्या रबरी बटणांची. नोव्हेंबरात चारपैकी दोन निघाली आणि त्यानंतर जोर लावला की ठोकळा प्लायवूडवरून पुढे सरकू लागला. विक्रेत्याने बटणे सुटी मिळत नाहीत असे कळवले, तेव्हा जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवले. ते अजून टिकून आहेत आणि मूळ बटणांपेक्षा त्यांची पकड चांगली आहे.