चार मांजरांच्या घरात कोणती कॅट लिटर घ्यावी

कॅट लिटर म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची माती किंवा दाणे. पिशवीवर लव्हेंडरचा सुगंध, वास गायब, धूळ नाही असं बरंच काही छापलेलं असतं. तीन-चार मांजरं असतील तर ते सोडा आणि एकच बघा: लघवीचे गोळे मोजता येतात का? एका मांजराची लघवी बिघडली तरी बाकीच्यांच्या गर्दीत ती दिसत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

साताऱ्यात दुकानात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या प्रकारांत आमचा कौल बिनवासाच्या, बारीक दाण्याच्या, फिक्या रंगाच्या बेंटोनाइटला. ही माती लघवी शोषून घट्ट गोळा करते. ट्रेमध्ये ६-७ सेंटीमीटर थर हवा. कमी असेल तर लघवी तळाला चिकटते, गोळा फुटतो आणि मोजदाद फसते. वापरण्याआधी ३० मिली पाणी ओतून, १५ मिनिटांनी झालेला गोळा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. तो तुमचा अंदाजे मापदंड. निरोगी मांजर दिवसातून साधारण २ ते ४ वेळा लघवी करतं, म्हणजे चार मांजरांचे ८ ते १६ गोळे. सकाळ-संध्याकाळ झारा मारताना आकडा कॅलेंडरवर टिपा.

आकडा अचानक वाढला आणि गोळे लहान, बोराएवढे झाले, तर मूत्राशयाला सूज असू शकते. तरुण मांजरांत याचं मूळ बहुतेकदा जंतू नसून ताण असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी अँटिबायोटिक मागू नका. गोळे उलट मोठे होऊ लागले आणि मांजर वयस्कर असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉइडची तपासणी करून घ्या.

टोफू लिटर (सोयाबीनच्या चोथ्याची) हलकी असते आणि पांढरी असेल तर गुलाबी डाग, म्हणजे रक्त, लगेच दिसतो. पण गोळा जरा ठिसूळ होतो आणि पावसाळ्यात दमट खोलीत बुरशी धरते.

लघवी आम्लधर्मी की अल्कधर्मी यानुसार रंग बदलणारे सिलिकाचे खडे महाग आहेत आणि जाहिरातीत सगळ्यात हुशार वाटतात. एकट्या मांजराला ठीक. अनेकांच्या घरात मात्र रंग कुणाचा, हे ते सांगत नाहीत. शिवाय जेवणानंतर काही तास निरोगी मांजराचीही लघवी अल्कधर्मी होते, आणि पडून राहिलेल्या लघवीत युरियाचा अमोनिया होऊन रंग आणखी सरकतो. म्हणजे धोक्याची घंटा म्हणून ठेवा, निदान म्हणून नको.

लाकडाच्या गोळ्या, वखारीतला भुसा, नदीची वाळू यांत मोजायला गोळाच बनत नाही. पास.

आता कुणाचा बिघाड, ते शोधायचं. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. मग संशयिताला स्वतःच्या ट्रेसह २४ तास वेगळं ठेवा, पाणी-खाणं आत द्या. बोक्यापासून सुरुवात करा. कोंडल्यामुळेही ताण वाढतो, म्हणून लांबवू नका. हे जमत नसेल तर डॉक्टरांकडून फ्लुरोसिन नावाचं रंगद्रव्य देववता येतं: ज्याला दिलं त्याची लघवी यूव्ही टॉर्चखाली चमकते. आणि मोरीचं दार लावून घ्या. त्रास होणारी मांजरं थंड फरशीवर जाऊन बसतात, वर पाणी पडतं आणि पुरावाच जातो. बाहेर जाणारी मांजरंही तेवढे दिवस आत.

बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, शिश्न चाटतो आणि गोळा शून्य, तर लघवी तुंबली आहे असं समजा. हे बद्धकोष्ठासारखंच दिसतं, म्हणून घरी एरंडेल पाजलं जातं आणि तास वाया जातात. पोट दाबू नका. माणसांचं पॅरासिटामॉल तर मांजराला विषच. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, म्हणून त्याच तासाला निघा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय आहे, पण मध्ये खंबाटकी घाट आहे. जवळ कुणाकडे कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालण्याची सोय आहे, हे आजच विचारून ठेवा.

साठवण: पावसाळ्यात उघडी पिशवी ओल खेचते आणि गोळे चिखलासारखे होतात. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओता, पिशवी फेकून द्या.