गोव्यातलं वीकेंड रिट्रीट: साडेतीन स्टार, रडता आलं तर पाच

नाव मुद्दाम लिहित नाही. उत्तर गोव्यातल्या एका कॅथलिक रिट्रीट हाऊसचं शनिवार-रविवारचं प्रार्थना शिबिर केलं, वसईचे सगळे नातेवाईक विचारतायत कसं होतं म्हणून इथेच टाकतो. जागा मस्त, खोल्या साध्या पण स्वच्छ, मोबाईल आल्या आल्या जमा करून घेतात ते बरंच झालं. दुपारी शीत-कडी आणि तळलेला बांगडा, तिथे बोलायला जागाच नाही. पंखे तेवढे खडखडतात.

आता खरं दुखणं. शनिवारी संध्याकाळी कन्फेशनच्या, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करण्याच्या, आधी म्युझिक टीमने असं काही वातावरण केलं की अर्धा हॉल रडायला लागला, आणि माईकवरचा दादा सारखा म्हणत होता पवित्र आत्म्याचा स्पर्श जाणवतोय ना, नसेल जाणवत तर तुम्ही अजून मन उघडलेलं नाही. माझ्या शेजारच्या काकी, सत्तरीच्या, घाबरल्याच. म्हणतात, "पुता, मला तर काहीच होत नाही, माझं कुमसार (कन्फेशन) पावेल ना?" एवढ्या वर्षांच्या मिस्सा (चर्चमधली उपासना) करून त्या बाईला हे विचारावं लागतं, काय बोलायचं!

अहो चर्च असं शिकवतच नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, १५४७ सालीच सांगून ठेवलंय की कन्फेशनसारख्या संस्कारातली कृपा त्या संस्कारामुळेच मिळते, फादरच्या पुण्याईवर अडत नाही, घेणाऱ्याने आडवं यायचं नाही एवढंच. कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाचा, २००५ नंबरचा परिच्छेद तर सरळच आहे, कृपा आपल्या अनुभवात मावत नाही, त्यामुळे आपल्याला काय वाटतंय त्यावरून आपलं तारण झालं असं धरून चालू नये. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपात आली, त्यात कित्येक वर्षांचा आतला कोरडेपणा आहे. त्यांनाही हा दादा मन उघडा म्हणाला असता काय?

म्हणजे कोरडं राहण्यात काही मोठेपणा आहे असंही नाही हां. डोळ्यात पाणी आलं तर देवाची देणगी, खुशाल घ्यावी. आणि पश्चात्ताप तर लागतोच, नुसतं रांगेत उभं राहून भागत नाही, पण तो मनाच्या निश्चयाचा, की केलं ते वाईट होतं आणि परत करायचं नाही. रडून हलकं वाटलं आणि सोमवारी पुन्हा तेच, तर त्या गहिवराचं काय करायचं? शेवटी फीडबॅक फॉर्म दिला त्यातही "तुम्हाला काय अनुभव आला" एवढंच विचारलंय, घरी जाऊन काय करणार ते कुठेच नाही.

साडेतीन स्टार दिले त्यातला एक पूर्ण स्टार रविवारी सकाळी मागच्या व्हरांड्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या फादरांचा. काकी त्यांच्याकडे परत कन्फेशनला गेल्या आणि बाहेर येऊन स्वतःच हसत सांगितलं, फादर म्हणाले रडू नको, सुनेला फोन कर. जाणार असाल तर त्यांचीच रांग धरा, छोटी असते, तिकडे म्युझिक नाही ना.