फक्त फोटोंसाठी एक्स-एम५: व्ह्यूफाइंडरविना काही महिने

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नसलेला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा मागितला की दुकानात व्लॉगिंगचे कॅमेरे पुढ्यात मांडतात. मला व्हिडिओ करायचाच नव्हता. रोजच्या ऑफिसच्या पिशवीत मावेल, लेन्स बदलता येईल आणि समोर धरल्यावर माणूस अवघडणार नाही, असा फोटोंचा कॅमेरा हवा होता. त्यासाठी फुजीफिल्मचा एक्स-एम५ घेतला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेलं हे मॉडेल. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी यावर काढून झाल्यावर आता लिहितोय.

वजन बॅटरी आणि कार्ड धरून ३५५ ग्रॅम. त्यावर २७ मिमी एफ/२.८ ही चपटी लेन्स कायम लावलेली असते, ती ८४ ग्रॅमची. सगळं मिळून अर्धा किलोसुद्धा भरत नाही, पण आत सेन्सर २६ मेगापिक्सेलचा एपीएस-सी आहे, म्हणजे फोनच्या सेन्सरपेक्षा बराच मोठा. छापून भिंतीवर लावायला भरपूर झाला.

आता मुद्द्याचं. व्ह्यूफाइंडर नसला की तुमचा चेहरा झाकला जात नाही, आणि माणसांचे फोटो काढणाऱ्याला याचा केवढा उपयोग होतो हे वापरल्याशिवाय कळत नाही. पुण्याच्या मंडईत, १८८६ साली सुरू झालेल्या त्या दगडी इमारतीत, मी सकाळी जातो. स्क्रीन बाजूला उघडून वर वळवायचा, कॅमेरा पोटाशी धरायचा, मान किंचित खाली. एक मावशी मेथी निवडत होत्या. मातीने काळी झालेली बोटं, अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी, मांडीवर पडलेली पिवळी पानं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो दादा, थांबा, जुडी तरी नीट लावते." मी म्हटलं, "राहू द्या मावशी, निवडतानाच छान दिसतंय." त्या हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. बोलणं चालू असतानाच शटर दाबलं. डोळ्याला कॅमेरा लावला असता तर त्या पदर सावरून ताठ बसल्या असत्या, हे मी जुन्या डीएसएलआरवर कितीदा अनुभवलंय.

ही पद्धत काही नवी नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरायच्या, तोही असाच पोटाशी धरून वरून बघायचा कॅमेरा. या उंचीवरून खाली बसलेला माणूस आणि लहान मूल दोघंही बरोबरीचे दिसतात. मला ते कोन फार आवडतात.

ऊन हा मात्र खरा प्रश्न आहे. एप्रिलच्या दुपारी कुठलाही स्क्रीन फिका पडतो, हाही पडतो. ब्राइटनेस वाढवून थोडं भागतं. त्याहून चांगलं म्हणजे ऊन पाठीवर घ्यायचं आणि कॅमेरा पोटाशी, आपल्याच सावलीत धरायचा. चौकट दिसते, पण एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ ठेवायचा ते, डोळ्यांनी ठरवू नका. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा स्क्रीनवरचा आलेख, कायम चालू ठेवा. पांढरं धोतर किंवा चुन्याची भिंत असेल तर मी एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) कमीच ठेवतो.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती चाळिशीची. व्ह्यूफाइंडरला डायॉप्टरचं चाक असतं, ते फिरवलं की चष्म्याशिवायही स्पष्ट दिसतं. स्क्रीनला ती सोय नाही. माझ्यासारख्यांना एक तर जवळचा चष्मा लागतो, नाहीतर कॅमेरा लांब धरावा लागतो. पोटाशी धरण्याचा इथेही फायदा होतो, कारण स्क्रीन आपोआप डोळ्यांपासून लांब जातो.

लांब धरला की हात हलतो. या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नाही, २७ मिमीच्या लेन्समध्येही नाही. मी मानेतला पट्टा पुढे ताणून धरतो आणि शटर १/१२५ सेकंदाहून हळू होऊ देत नाही, उजेड कमी असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) खुशाल ३२०० पर्यंत चढवतो. १५-४५ च्या झूममध्ये स्टॅबिलायझेशन आहे, संध्याकाळी तो बरा पडतो. लांब टेलिफोटो मात्र याला लावू नका. भिगवणला रोहित टिपायचे असतील तर डोळ्याचा आधार असलेला कॅमेराच हवा.

फोटोंसाठीच घेणार असाल तर मेकॅनिकल शटर, म्हणजे सेन्सरपुढे खरोखर सरकणारा पडदा, आहे का हे आधी तपासा. व्ह्यूफाइंडर नसलेल्या कित्येक मॉडेलांमध्ये ते नसतं. सिग्मा एफपी आणि लुमिक्स एस९ दोन्ही फुल फ्रेम, म्हणजे एपीएस-सीहून मोठ्या सेन्सरचे, पण दोन्हींत फक्त इलेक्ट्रॉनिक शटर. एलईडी दिव्यांखाली तशा शटरवर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, आणि आपल्याकडे लग्नाच्या हॉलपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळीकडे एलईडीच आहेत. एक्स-एम५ मध्ये १/४००० सेकंदापर्यंतचं मेकॅनिकल शटर आहे. फ्लॅश बसवायला वर हॉट शू ही खाच आहे. माझ्यासाठी निवड इथेच झाली.

डाव्या हाताला फिल्म सिम्युलेशनची, म्हणजे जुन्या फिल्मसारखे रंग निवडायची, चकती आहे. मंडईत क्लासिक क्रोम, घरच्या कार्यक्रमाला रिआला एस. बरेचदा कॅमेऱ्यातून तयार निघणारा जेपेगच पुरतो, संगणकासमोर बसावं लागत नाही. बॅटरी एनपी-डब्ल्यू१२६एस, स्क्रीन सतत चालू राहत असल्याने दुसरी जवळ ठेवावीच लागते. बॉडी पाण्यापासून संरक्षित नाही, वारीच्या दिवसांत प्लास्टिकची पिशवी सोबत असू द्या.

घेण्याआधी एक करा. दुपारी दुकानात जा, कॅमेरा हातात घेऊन पायरीवर उन्हात या आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांचे दहा-वीस फोटो काढा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.