टप्प्यांनुसार की भागांनुसार? प्रोजेक्टची फोड करताना

डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे प्रोजेक्टची छोट्या कामांत उतरती फोड) करायला बसलं की पहिल्याच पातळीवर दोन वाटा फुटतात. एक टप्प्यांची: गरजा, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग. दुसरी तयार होणाऱ्या भागांची: लॉगिन, बिलिंग, रिपोर्ट. सॉफ्टवेअरची कामं मी दोन्ही प्रकारे चालवली आहेत.

नुसतं वेळापत्रक आखायचं तर टप्पे सोयीचे. क्लायंटचे पैसेही टप्प्याटप्प्याने येणार असतील तर हिशेब आपसूक जुळतो. काम छोटं असेल, तर मी आजही कदाचित तीच वाट धरेन.

माझं घोडं अडलं ते टाइमशीटवर. बिलिंगच्या टेस्टिंगमध्ये कर मोजण्यातली चूक सापडली आणि डिझाइन पुन्हा करावं लागलं. तोवर ‘डिझाइन’चं हेड, म्हणजे तास भरायचं खातं, बंद झालेलं. करणारीने ते ६ तास ‘टेस्टिंग’मध्ये भरले, ती तरी दुसरं काय करणार? महिनाभर असंच चाललं. शेवटी कागदावर डिझाइन बजेटच्या आत आणि टेस्टिंग दुपटीच्या घरात. पैसे खात होतं एकटं बिलिंग, पण ते कुठल्याच ओळीत दिसेना. पुढच्या एस्टिमेटमध्ये आम्ही टेस्टिंगचे तास वाढवले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

भागांनुसार फोड केली की काम पहिल्यांदा होवो वा तिसऱ्यांदा, तास बिलिंगवरच पडतात, आणि तो भाग क्लायंटने स्वीकारेपर्यंत हेड उघडं राहतं. ‘रिपोर्ट वगळले तर किती वाचतील?’ याचं उत्तरही लगेच देता येतं.

अडचण इथेही आहे. जोडणी, सर्व्हर, व्यवस्थापन ही कामं कुणाच्या खात्यात? त्यांना वेगळी फांदी द्या, नाहीतर खालच्या कामांची बेरीज वरच्या कामाइतकी भरत नाही आणि शंभर टक्क्यांचा नियम मोडतो. अमेरिकी संरक्षण खात्याचं मिल-स्टँडर्ड-८८१ हे डब्ल्यूबीएसचं मानक १९६८ चं. त्यातही फोड वस्तूनुसार आणि व्यवस्थापन वेगळं, अशीच मांडणी आहे.

खर्चाच्या कोडांची, म्हणजे या हेडांची, संख्या मात्र फुगते. एक काम ८ ते ८० तासांचं असावं असा ठोकताळा आहे, पण ८ तासांच्या कामाला स्वतंत्र कोड दिला की लोक आठवेल तसे आकडे भरतात, असा माझा तरी अनुभव. म्हणून खर्चाचा कोड मी दुसऱ्या पातळीवरच थांबवतो. त्याखालची डिझाइन-कोडिंगची कामं फक्त वेळापत्रकासाठी.