ऑस्ट्रेलियातली मतदानाची सोय: ५ पैकी ४ स्टार

मे २०२५ च्या निवडणुकीत मेलबर्नमध्ये मत दिलं, शाळेतलं केंद्र होतं. इकडे १९२४ पासून सक्ती आहे, मत नाही दिलं आणि कारणही पटण्यासारखं नसलं तर २० डॉलर दंड. पण खरं सांगू का, दंडापेक्षा सोयच जास्त काम करते. मतदान शनिवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, त्या दिवशी जमत नसेल तर आधीच जाऊन देता येतं नाहीतर पोस्टाने, वृद्धाश्रमात तर टीम स्वतः जाते. आयडी पण मागत नाहीत, नाव पत्ता विचारतात, यादीत खूण करतात, झालं. बाहेर शाळेच्या निधीसाठी सॉसेज विकत होते, मस्त माहोल!

एक स्टार कापला तो सिनेटच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) लांबलचक मतपत्रिकेसाठी, १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे असतात, नवीन माणूस गोंधळतोच, मराठीत सोपं माहितीपत्रक मिळालं तर आईबाबांच्या वयाच्या लोकांना फार मदत होईल. सक्ती मला पटते पण आधी एवढी सोय हवी, आपल्याकडे ऊसतोड कामगार कारखान्यावर असतो आणि मत गावाकडे, त्याला दंड लावणं अन्यायच होईल ना. त्याच्यासाठी आधी कारखान्याजवळच मत द्यायची व्यवस्था करा.