डोळे भरून आणणारे सिनेमे: आज नेमका कोणता बघायचा?

"भरपूर रडवेल असा एखादा सिनेमा सुचव," असं कुणी म्हटलं की मी आधी दोन प्रश्न विचारते. कुणाबरोबर बघणार आहेस? आणि गेल्या वर्षभरात जवळचं कुणी गेलंय का? नाव सुचवणं सोपं असतं, पण रडवणारे सिनेमे एका रांगेत उभे करून 'सगळ्यांत जास्त रडवणारा' निवडता येत नाही. लहान मुलाच्या हालांवर रडणं वेगळं, आईवडिलांना वेळ दिला नाही या जाणिवेनं रडणं वेगळं, आणि कुणीतरी अनपेक्षित माया दाखवली म्हणून डोळे भरून येणं अगदीच वेगळं. दिवस आणि सिनेमा यांचं जुळलं नाही तर माणूस मोकळा होण्याऐवजी आणखी कोंडला जातो.

नुसतं रडायचंच असेल तर त्याची खात्रीशीर सोय आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत भावना जागवण्यासाठी सिनेमातले तुकडे पारखले. त्यांचा निबंध १९९५ साली आला. दुःखासाठी सर्वांत प्रभावी ठरलेल्या तुकड्यांत १९७९ च्या 'द चॅम्प'मधला एक प्रसंग होता: बॉक्सर बापाच्या मृतदेहापाशी त्याचा लहानगा मुलगा हमसून हमसून रडतो. जेमतेम तीन मिनिटांचा तुकडा. मागचंपुढचं काही माहीत नसलं तरी गळा दाटतो. पण असं रडू डोळे पुसले की संपतं. मला त्याहून मोलाचे वाटतात ते सिनेमे, जे वाईट बातमी सुरुवातीलाच सांगून टाकतात. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण रडतो, कारण आता लक्ष घटनेवर नसतं, माणसांवर असतं. असे सिनेमे दुसऱ्यांदा बघताना जास्त रडवतात.

खालची तुलना याच कसोटीवर आहे. शेवट फोडलेले नाहीत, पण कथेची सुरुवात आणि बेत सांगितल्याशिवाय निवड करता येणार नाही, तेवढं सांगितलं आहे.

युद्ध आणि लहान मुलं

इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) आणि रोबेर्तो बेनिनी यांचा 'लाइफ इज ब्युटिफुल' (१९९७). दोन्हीकडे दुसरं महायुद्ध आहे, आणि दोन्हीकडे कुणीतरी एका लहान जिवाला त्या युद्धापासून लपवू पाहतं.

बेनिनींच्या सिनेमात हे काम बाप करतो. छळछावणीत आणलेल्या मुलाला तो पटवून देतो की हा सगळा खेळ आहे, गुण मिळवायचे, जिंकणाऱ्याला खराखुरा रणगाडा. पहिला अर्धा भाग तर हलकाफुलका प्रेमविनोद आहे. त्यामुळे ज्यांना सलग दोन तास काळोख सोसत नाही त्यांच्यासाठी हा बरा. रडतानाही हात धरायला कुणीतरी आहे असं वाटत राहतं. छावणीतलं वास्तव या खेळामुळे सौम्य होतं असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे, आणि मला तो पटतो. पण बापाच्या चेहऱ्यावरचं ते ओढूनताणून आणलेलं हसू विसरता येत नाही, हेही खरं.

ताकाहातांच्या सिनेमात ढाल धरणारा सेइता स्वतःच चौदा वर्षांचा आहे, आणि त्याची बहीण सेत्सुको चार. पहिल्याच वाक्यात सेइता स्वतःच्या मृत्यूची तारीख सांगतो: २१ सप्टेंबर १९४५. म्हणजे आशेला जागाच ठेवलेली नाही. ज्या कथेवर हा सिनेमा बेतला आहे तिचे लेखक अकियुकी नोसाका यांची लहान बहीण युद्धकाळात कुपोषणानं गेली होती. ताकाहाता स्वतः लहानपणी ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. म्हणूनच इथे कुणी ओरडून दुःख सांगत नाही. गोड गोळ्यांचा एक डबा, काजवे, तलावाकाठचा खंदक, आणि दिवसेंदिवस थोडी थोडी थकत जाणारी मुलगी. चित्रांचा सिनेमा आहे म्हणून मुलांना लावून देऊ नका. जपानमध्ये तो एका अतिशय प्रसन्न बालचित्रपटाच्या जोडीनं प्रदर्शित झाला होता, आणि त्या जोडीचं मला आजही नवल वाटतं.

माझा कौल ताकाहातांना. पण घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर थांबा. ते मोठं झालं की बघा.

म्हातारपण

या जोडीवर मी सगळ्यांत जास्त बोलू शकते, कारण इथे निवड खरोखर अवघड आहे.

यासुजिरो ओझूंचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) सव्वादोन तासांचा. ओनोमिचीहून एक वृद्ध जोडपं टोकियोत राहणाऱ्या मुलांना भेटायला येतं. मुलगा डॉक्टर आहे, मुलीचं केशकर्तनालय आहे. कुणीही वाईट नाही, सगळे फक्त कामात आहेत. आईवडिलांचं काय करायचं हा प्रश्न पडतो, तेव्हा त्यांना एका गरम झऱ्याच्या गावी पाठवून दिलं जातं. नोकरीतून रजा काढून त्यांना शहर दाखवते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. बस, एवढंच. कॅमेरा जमिनीलगत बसलेला, जवळजवळ हलतच नाही. पहिला तासभर तर वाटतं, यात रडण्यासारखं काय आहे? मग कुठल्याशा साध्या वाक्यावर स्वतःची आई आठवते. आपण "पुढच्या महिन्यात येतो" म्हणालो होतो ते आठवतं. सिनेमा कुणालाच दोष देत नाही, म्हणून तो दोष बघणाऱ्याच्या पदरात पडतो.

मिखाएल हानेके यांच्या 'आमूर'मध्ये (२०१२) मुलगी दूर आहे, प्रश्न नवराबायकोचा आहे. जॉर्ज आणि ॲन, ऐंशी ओलांडलेले संगीतशिक्षक. तिला पक्षाघाताचा झटका येतो, आणि पुन्हा रुग्णालयात नेणार नाही असं वचन ती त्याच्याकडून घेते. सिनेमा सुरू होतो तोच दार फोडून आत शिरलेल्या माणसांना तिचा मृतदेह सापडतो इथून. पुढचं जवळपास सगळं एका घरात. वरून घातलेलं पार्श्वसंगीत नाही. भरवणं, उचलणं, कुशीवर वळवणं, शब्द हरवत जाणं, सगळं न वगळता दाखवलेलं. इमॅन्युएल रिवा यांना ॲनच्या भूमिकेसाठी वयाच्या ८५ व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. बघताना अश्रू येतीलच असं नाही, घसा मात्र कोरडा पडतो. रडू आलं तर दुसऱ्या दिवशी, काहीतरी भलतंच करत असताना.

मग कोणता? आईवडील धडधाकट असतील आणि दूर राहत असतील, तर 'टोकियो स्टोरी'. तो बघून माणूस फोन उचलतो, भेटायला जातो, म्हणजे त्या रडण्याचा काही उपयोग होतो. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल आणि सेवा तुमच्याच अंगावर असेल, तर 'आमूर' सध्या बाजूला ठेवा. दिवसभर जे करता तेच रात्री पडद्यावर बघण्यात सुटका नाही. ती सेवा करून काही वर्षं झाली असतील तर मात्र जरूर बघा. जे कुणालाच समजावून सांगता आलं नाही ते कुणीतरी जसंच्या तसं पाहिलंय, हा दिलासा फार मोठा असतो.

आजाराची बातमी

अकिरा कुरोसावांचा 'इकिरु' (१९५२) पोटाच्या क्ष-किरण चित्रानं सुरू होतो. निवेदक सांगून टाकतो: या माणसाला कर्करोग आहे, त्याला अजून ठाऊक नाही. वातानाबे हा कारकुनी कागदांच्या ढिगाऱ्यामागे तीस वर्षं बसलेला अधिकारी. डॉक्टर त्याला खरं सांगत नाहीत, तरी त्याला कळतं. मग उरलेल्या दिवसांत करायचं काय? वस्तीतल्या बायका घाणेरड्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग मागत असतात, आणि प्रत्येक खातं त्यांना दुसऱ्याकडे पिटाळत असतं. ताकाशी शिमुरांचे डोळे आणि तो पुटपुटता आवाज आधी दया आणतात, मग हळूहळू आदर.

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. खेड्यातून नातवाला शहरात आणलेले आजोबा, डोळ्यांचा कर्करोग, आणि जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढायचे हा निर्णय. हे पोराला सांगायचं कसं? अरुण नलावडे यांचे आजोबा मोठ्यानं फारसं रडत नाहीत. ते नुसते गोंधळलेले असतात, रुग्णालयाच्या कागदांपुढे लहान झालेले असतात, आणि तेच बघवत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालेला हा सिनेमा त्या वर्षी भारताकडून ऑस्करसाठी गेला होता.

'इकिरु' स्वतःच्या आयुष्याबद्दल रडवतो, 'श्वास' दुसऱ्यासाठी. कामाला कंटाळून, 'हे सगळं कशासाठी' असा प्रश्न घेऊन बसला असाल तर कुरोसावा. त्याचा शेवटचा मोठा भाग नायकाच्या माघारी, इतरांच्या बोलण्यातून उलगडतो. तिथे चिकाटी लागते, घाईत असाल तर तो हातचा जाईल. घरच्यांसोबत एकत्र बसायचं असेल तर 'श्वास'. भाषा आपली असली की आवाजातला कंप उपशीर्षकाशिवाय थेट पोचतो.

मुलांना घेऊन बघायचं असेल तर

'अप' (२००९) आणि 'कोको' (२०१७) यांत फार डोकं घालायला नको. 'अप'मधला कार्ल आणि एलीच्या संसाराचा संवादाविना चार-पाच मिनिटांचा पट सुरुवातीलाच येतो. मोठे रडतात, आणि मुलं पुढच्या साहसाकडे वळतात. 'कोको'चं रडू शेवटाकडे आहे, पणजीच्या खुर्चीपाशी. घरात कुणी नावं-चेहरे विसरू लागलं असेल तर हाच निवडा, पण रुमाल हाताशी ठेवा. 'हाची' (२००९) कुत्र्यावर जीव असणाऱ्यांसाठी. खरा हाचिको १९२५ साली मालक गेल्यानंतर जवळपास दहा वर्षं शिबुया स्थानकावर वाट बघत राहिला. हे माहीत असूनही बांध फुटतो. मात्र नुकतंच पाळलेलं जनावर गमावलेल्याला तो दाखवू नका.

गोड रडायचं असेल तर ज्युसेप्पे तोर्नातोरे यांचा 'सिनेमा पारादिसो' (१९८८). इथे निवड आवृत्तीची आहे. जगभर गाजलेली आवृत्ती १२४ मिनिटांची, दिग्दर्शकाची लांब आवृत्ती १७३ मिनिटांची. लांब आवृत्तीत एक जुनं प्रेम उलगडून सांगितलं आहे, आणि त्यामुळे चित्रपटगृहात सिनेमा दाखवणाऱ्या म्हाताऱ्या अल्फ्रेडोकडे बघण्याची नजरच बदलते. आधी छोटीच बघा. जे न सांगता राहतं त्यामुळेच तिचा शेवट इतका भरून येतो.

ज्यांचं दुःख ताजं आहे

अशांना लोक हमखास धीर देणारे सिनेमे सुचवतात. मी 'मँचेस्टर बाय द सी' (२०१६) सुचवते, पण एका अटीवर. गेलेलं माणूस लहान मूल असेल तर नको. बाकीच्यांना तो आधार देतो, कारण केनेथ लोनर्गन यांनी नायकाला 'बरं' करण्याचा आग्रह धरलेला नाही. "आता सावर" असं दिवसातून चारदा ऐकणाऱ्या माणसाला, न सावरलेला माणूसही जगतोय, जेवतोय, पुतण्याला गाडीतून शाळेत सोडतोय हे बघून श्वास घेता येतो.

वेळेबद्दलही सांगायला हवं. रडल्यावर लगेच बरं वाटतं हा समज पुरता खरा नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रेक्षकांना 'लाइफ इज ब्युटिफुल' आणि 'हाची' दाखवले होते. जे रडले त्यांची मनःस्थिती सिनेमा संपताच आधीपेक्षा खालावली, वीस मिनिटांनी पूर्ववत झाली, आणि दीड तासानं सिनेमाआधी होती त्याहून चांगली झाली. म्हणून मध्यरात्री सिनेमा संपवून दिवा मालवू नका. संध्याकाळी लवकर सुरू करा, नंतर कुणाशी तरी बोलायला किंवा नुसतं चालायला वेळ राहू द्या. एवढं करूनही ठरत नसेल आणि सोबत घरची माणसं असतील, तर आज 'श्वास' लावा. एकटे असाल आणि आईवडील हयात असतील, तर 'टोकियो स्टोरी', आणि तोही अशा वेळी की संपल्यावर त्यांना फोन करण्याइतकी रात्र शिल्लक असेल.