चित्र-शब्द जोडीचा संच : बालवाडीतील वर्षभराच्या वापरानंतर

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या बालवाडीत गेल्या जूनपासून चित्र-शब्द जोडीचा एक संच वापरात आहे. जाड पुठ्ठ्याच्या साठ जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतील एका तुकड्यावर चित्र, दुसऱ्यावर शब्द, आणि दोन्हींचे काठ असे कातलेले की योग्य जोडीच एकमेकींत बसावी. वेष्टनावर तीन ते सहा असे वय छापले आहे. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांच्या कानांवर आणि ओठांवर प्रमाण मराठीतील रोजचे शब्द रुळावेत, एवढ्याच अपेक्षेने तो घेतला होता. ती अपेक्षा बऱ्याच अंशी पूर्ण झाली; मात्र त्याचे श्रेय जोड्या जुळवण्याला देता येईल असे मला वाटत नाही.

अडचण आहे ती कातलेल्या काठांची. पहिल्या काही आठवड्यांत मुले इतक्या झपाट्याने जोड्या लावू लागली की भेटीस आलेल्या पालकांना ती वाचतातच असे वाटे. प्रत्यक्षात त्यांचे डोळे अक्षरांवर नव्हे, खाचेवर असत. शब्दाचा तुकडा पालथा ठेवला तरी ती तो जुळवून दाखवत. चूक झाली तर मुलाला ती आपली आपण कळावी, हा अशा काठांमागचा हेतू चांगला आहे, परंतु येथे तीच सोय वाचण्याची गरज नाहीशी करते. शेवटी आम्ही निम्म्या जोड्यांचे काठ कात्रीने सरळ केले. लगेच वेग मंदावला आणि मुले शब्दाकडे पाहू लागली, तेही प्रथम केवळ त्याच्या लांबीकडे. ‘ट्रॅक्टर’ लांबट आणि डोक्यावर चंद्र असलेला, म्हणून तो ओळखू येतो. ‘नळ’, ‘फळ’, ‘घर’ हे मात्र बिनमात्रांचे, दोन अक्षरी आणि दिसायला सारखे, त्यामुळे त्यांत सर्वाधिक गोंधळ होई. म्हणून एका वेळी ‘कप’, ‘कमळ’, ‘कणीस’ असे एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द मांडणे आणि चित्रांपेक्षा दोन शब्द जास्त ठेवणे, असा नेम केला. जास्तीचे शब्द नसले की अखेरची जोडी काहीही न वाचता आपोआप लागते, आणि सूचनापत्रकात याविषयी एक ओळही नाही.

चित्रांच्या निवडीत संच करणाऱ्यांनी आमच्यासारख्या भागाचा विचार केलेला दिसत नाही. केळीच्या पट्ट्यातील मुलांना घड, फणी, केळफूल सारे ठाऊक असताना येथे सोललेले एकच केळे आहे. कापूस ढगाच्या पुंजक्यासारखा काढला आहे. बोंड नाही, झाड नाही, तेव्हा ज्यांच्या घरी ओटीवर कापसाचा ढीग लागतो त्यांनीही तो ओळखला नाही. उखळाचे चित्र आहे, पण उखळ पाहिलेली मुले जवळजवळ नाहीत. नळाखाली हंडा भरणाऱ्या बाईच्या चित्राला कोणी ‘पाणी’ म्हणाले, कोणी ‘बाई’, कोणी ‘हंडा’, आणि अपेक्षित उत्तर ‘नळ’. माझ्या मते तिघांचेही बरोबर होते. तसेच ‘आई’च्या चित्राला ‘माय’ आणि लाल भोपळ्याला ‘गंगाफळ’ म्हटले की आम्ही आधी होकार देतो, मग छापील शब्द जोडीला सांगतो. घरचा शब्द चुकीचा ठरवला तर लाजरे मूल त्या दिवशी पुन्हा तोंड उघडत नाही.

शब्दसंग्रह खरोखर वाढला तो बोलण्यातून. फ्रेंच वैद्य एदुआर सेगँ यांच्याकडून मारिया माँटेसोरी यांनी घेतलेला तीन पायऱ्यांचा पाठ आजही उपयोगी पडतो : प्रथम ‘हे वांगे’ असे नाव सांगायचे, मग ‘वांगे कोणते, दाखव’ म्हणायचे, आणि ‘हे काय?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हापासून ही पद्धत आपल्याकडे परिचित आहे, तरी बहुतेक घरांत आरंभच तिसऱ्या पायरीने होतो. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आम्ही शब्दांचे तुकडे बाजूलाच ठेवतो आणि चित्राशेजारी खरे वांगे, खरा कप मांडतो. भरताचे हिरवे वांगे आणले तेव्हा चित्रातील जांभळ्या वांग्यावरून बराच वाद झाला, आणि त्या वादात मुलांनी ‘लांब’, ‘गोल’, ‘देठ’, ‘काटा’ हे सारे शब्द वापरले. संचात मात्र केवळ नामे आहेत. ओतणे, सोलणे, उचलणे अशी एकही क्रिया नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

पुठ्ठा टिकाऊ आहे, रंग फिके पडलेले नाहीत. कोपऱ्यांचे थर थोडे सुटले आणि खोका पावसाळ्यातच फाटला. तीनशे रुपयांच्या आतल्या किमतीत याहून अधिक मागणे बरे नव्हे. पाच वर्षांपुढील मुलांसाठी, काठ कापण्याची तयारी असेल तर, संच घेण्यास हरकत नाही. त्याहून लहान मुलांसाठी स्वयंपाकघरातील टोपली पुरेशी आहे. पुढील आवृत्तीत दहा-बारा कोरी कार्डे दिली तर प्रत्येक गावाला आपली चित्रे काढता येतील. आम्ही जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर ‘घड’, ‘बोंड’ आणि ‘बैलगाडी’ काढून घेतली आहेत, आणि ‘घर’ व ‘घड’ शेजारी ठेवले की आता मुले शेवटच्या अक्षरापर्यंत पाहतात.